व्हिएतनामच्या आधी गोसी

परदेशाचं प्रवासवर्णन लिहायचं तर आधी परदेशी जाऊन यावं लागतं, एवढं मला कळतं. मी अजून गेलेली नाही. पण तिथं जायची तयारी म्हणून मी पाठीवर बॅग घेऊन सानगडीहून गोसीखुर्दपर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. त्या वाटेवर माझं जे झालं ते व्हिएतनाममध्ये होईल असं मला वाटत नाही. म्हणून तेच आधी लिहून ठेवते.

गोसीला पुष्कळ लोक जातात. धरण बघतात, दारं उघडी असली तर तोंडावर पाणी उडवून घेतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत नागपूरच्या रस्त्याला लागतात. पण ते सगळे गाडीनं जातात. एकट्या बाईनं दिवाळीनंतरच्या दिवसांत, भलीमोठी बॅग घेऊन, पायी गेल्यास काय होतं याची माहिती कुठंच मिळत नाही. मी शोधली होती.

सानगडी

लग्न होऊन सानगडीला आले आणि थोड्याच दिवसांत साकोलीच्या एका खाजगी दवाखान्यात रक्त काढायच्या कामाला लागले. ते काम इतकी वर्षं केलं की आठवडी बाजारात लोक मला पाहून शर्टाची बाही खाली ओढायचे. माझं नाव शालिनी आहे, पण आजूबाजूच्या गावांत मी ‘सुईवाली बाई’.

दुपारी डबा खाताना मी मोबाइल बघायचे. एक दिवस त्यात व्हिएतनाम आलं. डोंगराच्या उतारावर धानाच्या बांध्या, गुडघाभर चिखल आणि वाकून रोवणी करणाऱ्या बायका. डोक्यावरच्या टोकदार टोप्या सोडल्या तर सगळं आपलंच. आपल्यासारखंच रोवणं करणारे लोक इतक्या लांब आहेत आणि आपण त्यांना बघितलेलं नाही, ही गोष्ट मला सलायला लागली. पुढं त्यात लाओस आलं, कंबोडिया आलं, थायलंड आलं. गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन यावं असं ठरवलं आणि राजीनामा दिला. बेत चार महिन्यांचा होता. पाठीवर बॅग, राहायला स्वस्त खोल्या आणि फिरायला तिथल्या एस्ट्या.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रोवणं पाहाले तेवढ्या दूर कायले जातेस? पुढच्या आषाढात आपल्याच वावरात उभी राहाजो. म्हणशीन तं टोपी शिवून देईन.”

आमची मुलगी योगिता पुण्याला शिकते. तिनं मात्र लगेच दोन बॅगा पाठवल्या. लाल माझी, निळी तिच्या बाबांची. आणि इथंच सगळं अडलं होतं. आमच्या ह्यांचा मंडप-बिछायतीचा धंदा आहे. खुर्च्या, लायटिंग, माईक, सगळं. ह्यांनी निळी बॅग उलटसुलट करून पाहिली, फार मजबूत आहे म्हणाले आणि तिच्यात लायटिंगच्या माळा भरून ठेवल्या.

तुम्ही येता ना, असं मी विचारलं की रोज निराळं उत्तर यायचं. एकदा लग्नसराई, एकदा आईचा गुडघा, एकदा पासपोर्टवरचा फोटो चांगला आला नाही म्हणून. पण पासपोर्ट काढून ठेवला होता, त्यामुळं धड नाही असंही म्हणता येत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्यात एकटीनं जायची हिंमत होती, इच्छा नव्हती. वीस वर्षं ज्या माणसाच्या भुवईवरून भाजीत मीठ किती पडलं ते कळतं, त्याला घरी ठेवून मी चार महिने कुणाशी बोलू? पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

शेवटी एक दिवस मी हट्टाला पेटले तेव्हा हे म्हणाले, “पहिले ही बॅग पाठीवर घेऊन तुह्या माहेरी पायदल जाऊन दाखव. बस नाही, कोणाच्या गाडीवर बसणं नाही. मंग मी काय ते सांगतो.”

माझं माहेर गोसीच्या धरणाजवळ. मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

बॅग भरताना मी इंटरनेटवरच्या सूचना समोर ठेवल्या होत्या. एकट्या प्रवासी स्त्रीनं वजन कमीत कमी ठेवावं, अनोळखी माणसांना आपण कुठं जातोय ते सांगू नये, वगैरे. धान मोजायच्या काट्यावर बॅग ठेवली तेव्हा ती चांगली हलकी होती. मी आंघोळ करून येईपर्यंत सासूबाईंनी तिच्यात करंज्या, अक्सीची म्हणजे जवसाची चटणी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घालून ठेवली होती. बाईच्या माहेरी कोणी रिकामं जातं का, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी मी निघाले तेव्हा हे घरी नव्हते. जवळच्या एका गावात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, मंडप टाकायला पहाटेच गेले होते. सासूबाई दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. मिरच्या निवडता निवडता डोळ्याला हात लागला होता, हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. पण गल्लीनं जे पाहायचं ते पाहिलं.

आपल्याकडं कुठं चाललीस हे न विचारता कोणी कोणाला पुढं जाऊ देत नाही. त्यामुळं सूचनांमधली ती एक सूचना घराच्या कोपऱ्यावरच निकालात निघाली.

“कुठी चालली वो?”

“माहेरी.”

“पायदल?”

“हव.”

पुढं कोणी काही बोलेना. एकेक जण माझ्याकडं, मग बॅगेकडं, मग मागं दारातल्या सासूबाईंकडं बघायचा आणि मान खाली घालायचा. मला वाटलं, कौतुक आहे. त्या कौतुकात मी तोऱ्यात गावाबाहेर पडले.

पालांदूरच्या वाटेवर

लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी धान उभा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या पेंढ्या पडलेल्या, आणि हवेत त्या ओल्या तणसाचा वास. हा वास मोबाइलमध्ये येत नाही. बोड्यांमध्ये, म्हणजे शेतांमधल्या छोट्या तळ्यांमध्ये, पाणी होतं आणि पाण्यावर शिंगाड्याचे वेल. आपलाच मुलूख पायी चालताना एवढा मोठा होतो हे मला ठाऊक नव्हतं. एस्टीतून तो डुलकी लागेपर्यंतच असतो.

दर थोड्या वेळानं एखादी मोटरसायकल हळू व्हायची. बसा ताई, सोडून देतो. मी नको म्हणायचे, मला चालतच जायचंय. एक जण बराच वेळ गाडी बाजूबाजूनं चालवत राहिला. रागात माणसाला ऊन कळत नाही, डोक्यावर पदर तरी घ्या, असं म्हणून शेवटी गेला. मी काही रागात नव्हते. मला भूक लागली होती, आणि भुकेनं माझं तोंड तसंच दिसतं.

पुढं बांधावर कापणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या. त्यांनी लांबूनच हाक मारली. मी बॅग उतरवून बसले तर एकीनं माझ्यापुढं भात ओढला, दुसरीनं वरून भाजी वाढली. मी ओळख करून द्यायला लागले तर म्हणाल्या, बोलू नको, पहिले जेव. त्यातली म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सारं ठीक होते बाई, म्हणत होती. बॅगेच्या पट्ट्यांनी माझे खांदे खरंच दुखत होते, तेव्हा मला ते फार बरं वाटलं.

वाचणाऱ्यांच्या एव्हाना काहीतरी लक्षात आलं असेल. मला नव्हतं आलं. त्यांनी थोडा धीर धरावा.

ऊन उतरताना पालांदूरच्या अलीकडच्या एका गावात पोचले. तिथं अंगणात धान वाळवणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, ओसरीत झोपू का. त्यांचं नाव मैनाबाई. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं, सुनेला हाक मारून चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं आणि माझी बॅग उचलून थेट आतल्या खोलीत नेली. त्यानंतर ती मला सकाळीच दिसली, कारण मैनाबाई तिला टेकून झोपल्या होत्या.

जेवण मात्र असं होतं की अजून आठवतं. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या. मैनाबाईंनी पोरंबाळं विचारली. एक मुलगी आहे म्हटलं, पुण्याला. “मंग तिच्यासाठी तरी...” एवढं बोलून त्या थांबल्या आणि आणखी एक वडी वाढली. आपल्याकडची ही रीत मी सुद्धा पाळत आलेय. अशा वेळी बाईला काही विचारायचं नसतं, आधी खाऊ घालायचं असतं. पण त्या ताटावर आपणच बसलो आहोत हे कसं कळणार?

हात धुवायला विहिरीकडं गेले तर तीन बाया माझ्याबरोबर आल्या. एक पुढं, दोन मागं. मी विहिरीत वाकून पाणी किती खोल आहे ते पाहिलं तर एकीनं माझा दंडच धरला. एकट्या स्त्रीनं स्थानिक बायकांच्या सोबत राहावं अशी सूचना होती, तिचं एवढ्या कसोशीनं पालन व्हिएतनाममध्येही होत नसेल, असं मला वाटलं.

सकाळी मैनाबाईंनी ओटी भरली. नारळ, ब्लाउजपीस आणि पायलीभर तांदूळ. मी म्हटलं, मावशी, मला हे पाठीवर न्यायचंय. त्यांनी ऐकलं नाही. बॅगेच्या तोंडाशी तांदूळ दाबून भरले आणि वरून माझ्या तोंडावर हात फिरवला. लेकीला रिकामं धाडत नाही, म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून माझेही भरले. कशासाठी ते मला माहीत नव्हतं.

मंडई

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडया सुरू होतात. एकेका गावाचा एकेक दिवस. पाळणे, जिलेबीची दुकानं, दंडारीचा नाच, रात्री नाटक. पण खरी मंडई म्हणजे पाहुणे. पंचक्रोशीतले सगे-सोयरे त्या दिवशी एका गावात जमतात, तिथं सोयरिकी जुळतात आणि तिथून बातम्या पांगतात. आमच्या ह्यांचा अर्धा धंदा या दिवसांतला. अड्याळच्या वाटेवर मला असंच एक मंडईचं गाव लागलं आणि मी तिथं थांबले, कारण टाचेला फोड आला होता.

उकडलेले शिंगाडे घेऊन पाळण्याच्या सावलीत बसले होते, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “अवो, आपली सुईवाली बाई.”

तुळसाबाई. हिची शीर सापडायची नाही. दवाखान्यात ती आली की मी आधी पाणी पिऊन घ्यायचे. आता ती माझ्यासमोर फतकल मारून बसली, माझा हात हातात घेतला आणि तिनं तो इतका निरखून पाहिला की मला वाटलं ती माझी शीर शोधतेय.

“मारते का?” तिनं विचारलं.

“कोण?”

“घरवाला.”

तेव्हा कुठं सगळं माझ्या डोक्यात शिरलं. गल्लीतली गप्प माणसं, बांधावरची म्हातारी, विहिरीवरचा पहारा. पाठीवर मोठी बॅग, तोंडावर ऊन, पायी, एकटी, माहेरच्या दिशेनं. सानगडीपासून इथपर्यंत मी नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई होते.

मला हसू आलं. ते फार वाईट झालं. आजूबाजूला एव्हाना बाया जमल्या होत्या आणि हसते बिचारी, असं त्यातली एक हळू आवाजात दुसरीला म्हणाली.

मग मी समजावून सांगायला लागले. नवरा चांगला आहे, मारत नाही, पीत नाही. मी नोकरी सोडली आहे. बॅग घेऊन चार महिने परदेशात जायचंय. ते बरोबर येतील की नाही ते नक्की नाही. त्यांनीच म्हटलं की आधी माहेरी चालत जाऊन दाखव. मी जसजशी खरं बोलत होते तसतशा त्यांच्या माना हलत होत्या. नोकरी सुटली, देश सोडून चालली, नवरा म्हणतो माहेरी चालत जा. यापेक्षा वाईट कोणाचं काय झालेलं असतं?

तुळसाबाईनं मला पाव किलो जिलेबी घेऊन दिली आणि बाजूला जाऊन फोन लावला. तिची भाची माझ्या माहेरच्या गावात दिलेली आहे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. मीही ह्यांना फोन लावला. उचलला नाही. मंडप टाकताना हे फोन टेम्पोत ठेवतात.

अड्याळच्या पुढचा मुक्काम सविस्तर सांगत नाही. तोही मैनाबाईंकडच्यासारखाच झाला, फक्त ब्लाउजपीस हिरवा होता आणि तांदळाबरोबर डाळही होती. माझी बॅग आता सानगडीहून निघाली तेव्हाच्या दुप्पट झाली होती. प्रवासात माणसाचं ओझं हळूहळू कमी होत जातं असं मी वाचलं होतं. लिहिणारा आमच्या जिल्ह्यातून गेलेला नसावा.

गोसीखुर्द

धरणाचं पाणी एकदम दिसतं. धानाच्या बांध्या संपतात, रस्ता चढतो आणि समोर एवढं पाणी की पलीकडचा काठ डोळे बारीक करून बघावा लागतो. त्या पाण्याखाली माझ्या लहानपणीचं गाव आहे. नवं गाव त्यांनी वर वसवून दिलं. सरळ रेषेतले रस्ते, सारखे प्लॉट, कुठल्याही कोपऱ्यावर उभं राहिलं तरी तेच दिसतं. सुरुवातीला माणसं संध्याकाळी दुसऱ्याच्याच घरात शिरायची. आमचं घर ओळखायची खूण म्हणजे दार. सिमेंटच्या भिंतीला जुन्या घराची सागवानी चौकट बसवलेली आहे. ती बुटकी आहे, आत जाताना वाकावं लागतं. माझे बाबा अजून मासे धरतात, जुन्या गावाच्या वरच्याच पाण्यात.

मी वळणावरून घर पाहिलं आणि जागीच उभी राहिले. दारात आमचा टेम्पो उभा होता. ह्यांना कोणीतरी मंडपातून थेट बोलावून घेतलं होतं. टेम्पोतून लाल खुर्च्या उतरवणं चाललं होतं, पाठीवर आमचंच नाव रंगवलेल्या खुर्च्या, आणि त्या अंगणात गोल मांडून गावातली वडीलधारी माणसं त्यांवर बसत होती. मधोमध एका खुर्चीत आमचे हे. पायावर पाणी घातलेलं, हातात बशीसकट चहा, खांद्यावर नवा दुपट्टा. जावयाचा मान सगळा झाला होता. आता त्याच्यावर बैठक बसायची होती.

बैठकीचे मुख्य म्हणजे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ. बाबा स्वतः भिंतीशी बसून जाळं विणत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. मी काही बोलायच्या आत मला आत नेऊन बसवलं. अशा बैठकीत बाईनं दाराआड बसायचं असतं. मी चौकटीला टेकून बसले, म्हणजे सगळं ऐकू येईल.

मोठेबाबांनी आधी पीकपाणी विचारलं, मग मंडयांचा धंदा विचारला, आणि मग तितक्याच आदरानं विचारलं की आमच्या पोरीला पायी धाडायची पाळी का आली. हे म्हणाले, गैरसमज आहे. मोठेबाबा म्हणाले, असन. मग ह्यांनी सगळं सांगितलं. ते अगदी खरं होतं आणि माझ्यासारखंच त्यांच्याही तोंडून ते भयंकर वाटत होतं.

“म्हणजे ती जा म्हणते तिकडं तुमी जात नाही,” मोठेबाबा म्हणाले.

“मी तिले जाय म्हणालो ना.”

“एकटीले?”

हे खुर्चीच्या कडेला सरकले. त्यांच्याच खुर्चीत त्यांना इतकं अवघडून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी विचारलं, हे व्हिएतनाम गावी जायला काय लागतं. विमान लागतं, हे म्हणाले. मोठेबाबा म्हणाले, मग विमानानं न्या. त्यांच्या दृष्टीनं तो मुद्दा तिथं संपला.

मला आत गंमत वाटत होती. म्हणजे त्या क्षणापर्यंत. मग ह्यांनी बशी खाली ठेवली.

“मले भेव वाटते,” ते म्हणाले. “इथं मी मंडपवाला हावो. दहा गावं ओळखतात. तिथं मले पाणीबी मांगता येणार नाही. ही शिकलेली हाये, हिचं होऊन जाईन. मी हिच्या मागं मागं मुक्यासारखा फिरीन.”

मला रडू आलं आणि रागही आला. एवढी साधी गोष्ट होती. पासपोर्टचा फोटो नव्हता, आईचा गुडघा नव्हता. ती ह्यांनी मला घरात, दोन माणसांत सांगितली असती, तर मी सांगितलं असतं की मलाही तिथं काही येणार नाही. त्याऐवजी तो माणूस साऱ्या गावासमोर आपल्याच खुर्चीवर बसून ते बोलत होता. आणि मी तरी कुठं सांगितलं होतं की मला एकटीला जायचं नाही?

मग बाबा बोलले. बैठकीत बाबा बोलत नाहीत, त्यामुळं सगळे त्यांच्याकडं वळले. हातातलं जाळं त्यांनी तसंच धरलं होतं.

“आमचं गाव उठलं तवा आमाले येता का म्हणून कोणी विचारलं नाही जी. ट्रक आला, बसलो. नवं गाव आमालेबी समजत नोहोतं. तुमाले तं ती विचारून राहिली.”

ह्यांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. मग त्यांनी चौकटीकडं पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“मंग येतो,” ते म्हणाले.

मोठेबाबांनी लगेच निकाल जाहीर केला की जावई पोरीला जिथं जायचं तिथं घेऊन जातील आणि सुखरूप परत आणतील. सगळ्यांना तो निकाल फार आवडला. बाबांनी त्या दिवशीचे सगळे मासे घरातच ठेवले, रस्सा झाला आणि त्याच खुर्च्यांवर पंगत बसली.

परत

सकाळी मी निघायची तयारी करत होते. ह्यांनी टेम्पो आणि खुर्च्या त्यांच्या माणसाबरोबर पुढं धाडल्या आणि बॅग मीच उचलतो म्हणाले. उचलली आणि परत खाली ठेवली. हिच्यात काय आहे, त्यांनी विचारलं.

बाबा येऊन बॅगेपाशी बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. मैनाबाईंचे तांदूळ, दुसऱ्या घरचे तांदूळ, डाळ, नारळ, ब्लाउजपीस, लोणच्याची बरणी, जिलेबीचा चुरा. माझ्या चुलत वहिनीनं पहाटे आणखी तांदूळ घातले होते, तेही काढले. आजवर या वाटेवर ज्यानं त्यानं त्या बॅगेत काहीतरी घातलं होतं. काढणारे बाबा पहिलेच.

“असू द्या बाबा, लोकायनं मायेनं देल्लं,” मी म्हटलं. माहेरी आले की माझी भाषा तिथलीच होते.

“म्हणूनच ठेवतो,” ते म्हणाले. “आमी गावातून निघालो तवा सारं घेतलं. चूल घेतली, चौकटबी काढून आणली. सारं घेऊन निघालेला माणूस वापस जात नसते, बाई. तुमी हलके जा. हे इथं राहू दे. घ्याले येजा.”

त्यांनी ते सगळं फळीवर ओळीनं मांडलं आणि बॅगेचे पट्टे ह्यांच्या खांद्यावर स्वतः चढवून दिले. चौकटीतून बाहेर पडताना बॅगेमुळं ह्यांना माझ्यापेक्षा जास्त वाकावं लागलं.

परतीच्या वाटेवर आमची मिरवणूकच झाली म्हणायला हरकत नाही. पाठीवर बॅग घेतलेला नवरा आणि शेजारून मोकळ्या हातांनी चालणारी बायको. मोटरसायकलवाले आता लिफ्ट विचारत नव्हते, ह्यांच्याकडं बघून समाधानानं मान हलवत होते. बांधावरच्या बाया कापणी सोडून रस्त्यावर आल्या. समेट आपणच घडवून आणला, अशी त्यांची खात्री होती, आणि माझ्या मते ती चुकीची नव्हती. टाचेला फोड आता ह्यांनाही आला होता. व्हिएतनाममध्ये पाणी कसं मागायचं ते मी मोबाइलवर शोधून काढलं आणि आम्ही दोघं ते वाटभर म्हणत होतो. आम्हां दोघांनाही ते येत नव्हतं, यानं ह्यांना फार धीर आला.

मैनाबाईंनी ह्यांना नखशिखान्त पाहिलं. पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि निघताना अपेक्षेप्रमाणं सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या. हिला पुन्हा एकटीला सोडू नका, असं बजावून त्या बॅगेचं तोंड शोधायला लागल्या. हे मागं सरकले.

“मावशी, हे तुमच्याचजवळ ठेवा. वापस आलो का घ्याले येतो.”

“कवा येशीन?”

“चार महिन्यानं.”

“कीड लागन ना बाप्पा तवापर्यंत.”

“मंग हे तुमी खा आन आमच्यासाठी नवे ठेवा.”

मैनाबाईंनी विचार केला, सूप कमरेवर घेतलं आणि मग नक्की या म्हणाल्या.

सानगडीला आल्यावर ह्यांनी आधी निळी बॅग रिकामी केली. लायटिंगच्या माळा अंगणभर पसरल्या आणि त्यातली एक तुटली म्हणून मलाच बोलले. मग आम्ही दोन तिकिटं काढली. सासूबाई लोणच्याची नवी बरणी घेऊन आल्या तेव्हा मी ती हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिली. आल्यावर खाईन, म्हटलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण या वेळी डोळ्याला मिरची लागलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघतो आहोत. दोन्ही बॅगा काट्यावर ठेवून पाहिल्या, हलक्या आहेत. गोसीच्या फळीवर आमचे तांदूळ आहेत, मैनाबाईंकडं आहेत, घरी लोणचं आहे. ते सगळं घ्यायला यायचं आहे.